अडगळीतला रोजगार

बाबू, परवा फोनवर म्हणालास की भरतीची जाहिरात निघेपर्यंत रिकामं बसवत नाही, लोकांकडचं जुनंपानं फुकट आणून मोबाइलवरून विकावं म्हणतो. कर. धंदा चांगला आहे आणि लाजण्यासारखं त्यात काही नाही. खामगावात पंखे-मोटारी दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. गिऱ्हाईकानं ‘राहू दे आता तुझ्याकडेच’ म्हणून सोडलेली वस्तू नीट करून दुकानाच्या फळीवर मांडायची, यावर कितीतरी महिने घर चाललं. आता फळीच्या जागी मोबाइल आला. माल मिळवायची रीत मात्र तीच आहे, म्हणून हे लिहून पाठवतो. तुझ्या आईलाही वाचून दाखव, ती यात तुझ्याहून तयार आहे.

तुझ्या आजीच्या दारात बोहारीण यायची. जुन्या साड्या, धोतरं घ्यायची आणि पातेलं द्यायची. तिला माल कधी मागावा लागला नाही. कुठल्या घरात लग्न झालं, कुठे बाळंतपण झालं, कुठल्या घरचं म्हातारं माणूस गेलं, हे तिला ठाऊक असायचं, आणि ती योग्य वेळी दारात उभी राहायची. शिवाय रिकाम्या हातानं काही न्यायची नाही. हे नीट ध्यानात घे. ‘काही जुनं असेल तर द्या’ असं म्हणत दारोदार फिरलास तर लोक हाकलतील. ‘तुमची माडी मोकळी करून देतो, झाडून देतो, भंगारसुद्धा मीच नेतो’ असं म्हण. लोकांना वस्तू विकायची नसते, त्यांना जागा हवी असते. तू त्यांचं काम करतोस म्हणून माल फुकट मिळतो. त्यामुळे चांगलं तेवढं निवडून बाकीचा पसारा तिथेच टाकून यायचा नाही. फुटकी बादली आणि गंजलेला पत्राही उचलायचा, भंगारवाल्याला घालायचा, आणि दोन दिवसांनी एक फोन करून ‘काकू, अजून काही राहिलं का’ विचारायचं. पुढच्या चार घरांचे पत्ते त्या काकूच देतात.

आता वेळ. बुलडाणा जिल्ह्याचं ठिकाण आहे. कचेऱ्या, बँका, शाळा, पोलीस, सगळी बदलीची माणसं. सरकारी बदल्या साधारण एप्रिल-मे महिन्यात होतात, २००५च्या बदल्यांच्या कायद्यातच तसं आहे. ज्या बाईला आठ दिवसांत बिऱ्हाड गडचिरोलीला न्यायचं आहे, तिला लोखंडी पलंग, कूलर, तुळशीचं वृंदावन, मुलाची सायकल यांचं ओझं होतं. दुसरा हंगाम शेगावला. तिथल्या संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात १९८३पासून बाहेरगावची पोरं शिकायला येतात. शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली की खोल्या रिकाम्या होतात. गाद्या, टेबलं, पुस्तकं, सायकली. खोलीमालकाशी आधी ओळख ठेव, कारण पोरं परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी गाडीत बसतात आणि मागे राहिलेल्या सामानाचा त्रास मालकाला होतो. तिसरा हंगाम दसरा ते दिवाळी. तो सांगायला नको.

कूलरबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात खरा पैसा त्यात आहे. घाटावर, म्हणजे बुलडाणा-चिखलीकडे, हवा जरा मऊ. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोदला उन्हाळा भाजून काढतो. घाटावर बदलीवाल्यांकडून कूलर उचल, सांभाळून ठेव आणि होळी झाल्या झाल्या घाटाखाली विक. पावसाळ्यात तर लोक ‘ने बाबा एकदाचा’ म्हणतात. उचलण्याआधी कूलर आडवा करून टाकीचा तळ बघ. आत बॅटरी लावून बाहेरून उजेड दिसला की तळ गेला. तळ धड असला तर गवत, पंप आणि नळी हा किरकोळ खर्च, तो करावाच लागतो. वायर मात्र नवीनच घाल, तीन पिनांची, आणि अर्थिंगची तार पत्र्याच्या अंगाला पक्की आवळ. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लहान लेकरं जातात. अर्थिंग तपासल्याशिवाय एकही कूलर तुझ्या हातून जाता कामा नये. पाणी भरून, अर्धा तास चालवून, टेस्टर लावून बघ, मगच फोटो काढ.

पंख्याचं सोपं आहे. पंखा हातानं ढकलल्यावर फिरतो किंवा अगदी हळू फिरतो, म्हणून लोक टाकून देतात. बहुतेक वेळा आतला कपॅसिटर गेलेला असतो. घरच्या छताच्या पंख्याला साधारण अडीच मायक्रोफॅरडचा लागतो, स्वस्तात मिळतो आणि बदलायला दहा मिनिटं लागतात. घरघर आवाज येत असेल तर बेअरिंग बघ. वाइंडिंग जळाल्याचा वास आला तर नाद सोड, ते तांब्याच्या भावात जाऊ दे. शिलाई मशीन जाम झालेलं दिसलं की लोकांना ते मेलं असं वाटतं, पण बऱ्याचदा जुनं तेल वाळून चिकट झालेलं असतं. रॉकेल किंवा डिझेलचे थेंब सोड, रात्रभर राहू दे, सकाळी चाक हळूहळू फिरव, पुसून मशीनचं तेल घाल. शिवून दाखवलेल्या कापडाचा फोटो टाकलास तर भाव दीडपट येतो. मशीन घेणारी बाई बहुतेक त्यावर चार पैसे मिळवणार असते. तिला फसवू नकोस.

लाकडाच्या कपाटा-टेबलाखाली जमिनीवर पिठासारखी भुकटी पडलेली दिसली तर आत किडा जिवंत आहे. ते घरात आणलंस तर आपल्या दारं-खिडक्यांनाही लागेल. गादी घेतलीस तर शिवण उसवून ढेकूण बघ. चांगला कापूस असेल तर पिंजून नवी उशी होते. जुन्या सुती लुगड्यांच्या गोधड्या तुझी आई शिवते. त्या पुण्या-मुंबईला नव्या ब्लँकेटपेक्षा मोलानं जातात, फक्त लुगडी उकळून, कडक उन्हात वाळवून घे. तसंच दगडी जातं, पाटा-वरवंटा, उखळ. मिक्सर आल्यापासून ही गावोगाव गोठ्याजवळ, न्हाणीच्या पायरीला पडून आहेत. जात्याचे वरचा आणि खालचा दोन्ही दगड, खीळ आणि खुंटा आहे ना ते बघ, वजन करून लिही. वजन न लिहिता विकलंस तर भाडं तुझ्या खिशातून जाईल.

जुना वाडा पडत असेल तिथे सागवानी दारं, खांब, कडी-कोयंडे मिळतात. ते मजुराकडून घ्यायचं नाही, मालकाकडूनच घ्यायचं, आणि भाऊबंदकी चालू असेल तर सगळ्या भावांची हो असल्याशिवाय हात लावायचा नाही. साध्या कागदावर दोन ओळी लिहून सही घे: अमुक वस्तू मी स्वखुशीनं दिल्या. लाकूड दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचं असेल तर आधी वनखात्याच्या कचेरीत विचार.

आणि इथे एक ताकीद. आपला जिल्हा साधा नाही. सिंदखेडराजा, लोणार, मेहकर, देऊळगाव राजा, जिकडे खणशील तिकडे जुनं निघतं. २०२४च्या जूनमध्ये सिंदखेडराजात लखुजी जाधवरावांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याला शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली, ते तू बातम्यांत पाहिलंच असशील. म्हणून शेताच्या बांधावरचा कोरीव दगड, वीरगळ, मूर्ती, जुनी नाणी, पोथ्या यातलं काहीही कोणी ‘ने’ म्हणालं तरी न्यायचं नाही. १९७२च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांचा, नाण्यांचा, कलावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षांची अट आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही पुरलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हा कायदा तर १८७८चा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ही आपल्या गावांची ठेव आहे, ती मोबाइलवर मांडायची नाही. जाहिरातीत उगाच ‘अँटिक’ असंही लिहू नकोस. तांब्याचा हंडा असेल तर ‘जुना तांब्याचा हंडा’ लिही.

न घेण्याची यादी एवढ्यावर संपत नाही. रुळाच्या कडेला पडलेलं लोखंड रेल्वेचंच असतं, त्यासाठी १९६६चा वेगळा कायदा आहे. महावितरणची तार, शाळेचे बाक, ग्रामपंचायतीचं भंगार, हे कोणाच्या तोंडी परवानगीनं तुझं होत नाही. गॅसचं सिलिंडर आणि रेग्युलेटर कंपनीचं असतं. फवारणीच्या औषधाचे रिकामे कॅन कितीही धुतले तरी उचलायचे नाहीत. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळात शेतकरी-मजूर गेले, ते विष किती वाईट हे वऱ्हाडाला सांगायला नको, आणि असा कॅन घेणारा त्यात पाणीच भरतो. मोबाइल घ्यायचा तर बिल आणि खोकं पाहिजे. *#०६# दाबून आयएमईआय काढ आणि केवायएम लिहून तो नंबर १४४२२ला मेसेज कर, काळ्या यादीत असेल तर कळतं. चोरीचा असल्याचा संशय यावा असा माल ठेवणं हा न्याय संहितेच्या कलम ३१७खाली गुन्हा आहे. पोलीस भरतीला बसणाऱ्या पोरानं तर हे पाठच करावं. मोबाइल घेतलास तर मालकासमोरच त्यातलं सगळं पुसून दाखव.

अजून एक. गावात ‘माणुसकीची भिंत’ असते ना, नको असेल ते ठेवा, हवं असेल ते न्या. २०१५च्या सुमारास इराणातून ही कल्पना जगभर गेली. तिथून विकायला एक रुमालही उचलायचा नाही. ती ज्याला थंडी वाजते त्याची जागा आहे. उलट तुझ्याकडे येणारे धड कपडे तिथे नेऊन टांग.

पुस्तकांचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. अभ्यासिकेत निकाल लागला की कोणी निवडला जातो, कोणी नाद सोडतो, आणि दोघांनाही पुस्तकं नकोशी होतात. पण आवृत्तीचं साल बघितल्याशिवाय घेऊ नकोस. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली, जुनी वस्तुनिष्ठ प्रश्नांची जाडजूड पुस्तकं तुला रद्दीच्या भावानंच द्यावी लागतील. झेरॉक्स काढलेले संच विकायचे नाहीत. एखाद्या गरीब पोरानं पुस्तक मागितलं तर तसंच दे.

विकताना फोटो ओसरीवर काढ, सकाळच्या उजेडात, मागे दोरीवरचे कपडे दिसू देऊ नकोस. पहिला फोटो पूर्ण वस्तूचा, दुसरा तिच्या खोटीचा. पोचा, चीर, गंज आधीच दाखवलास की घासाघीस निम्मी संपते आणि माणूस घाटाखालून आल्यावर वाकडं तोंड करून परत जात नाही. लांबी-रुंदी टेपनं मोजून लिही. भाव ठरवताना नव्या वस्तूचा भाव बघ, गावात तीच जुनी वस्तू कितीला मागतात ते बघ, आणि मग आपला खर्च मांड. समज पलंग पंधराशेला गेला. टेम्पोचे चारशे, रंगाचे दोनशे, हमालाचे शंभर, तर तुला आठशे उरले, तेही तो पलंग महिनाभर घरात अडकून राहिला नाही तर. म्हणून छोटी, हलकी, लवकर जाणारी वस्तू आधी धर. पुण्याला वस्तू पाठवायची तर चिखली-खामगावहून रोज रात्री ट्रॅव्हल्स सुटतात, त्यांच्या डिकीत पार्सल जातं. पण पैसे आधी घे आणि पावतीचा फोटो पाठव.

पैशाचं मात्र डोळ्यांत तेल घालून. ‘मी मिलिटरीत आहे, वस्तू न बघताच घेतो, हा कोड स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ असा फोन तुला पहिल्या महिन्यातच येईल. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही, ओटीपी सांगावा लागत नाही. हे आईलाही शिकव, कारण तू बाहेर असताना फोन तीच उचलते. फसवणूक झालीच तर लाजून बसायचं नाही, त्याच क्षणी १९३०ला फोन लावायचा. अनोळखी गिऱ्हाइकाला भेटायचं ते दिवसाढवळ्या, एसटी स्टँडसारख्या गजबजलेल्या जागी. मोठी वस्तू घ्यायला कोणी घरी येणार असेल तर बाबांना घरी थांबव.

एक वही घाल. कोणाकडून काय आणलं, कधी, खर्च किती, विकलं कितीला. मालाची उलाढाल वर्षाला चाळीस लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते, राज्याबाहेर माल पाठवायला लागलास तर त्याआधीच कर सल्लागाराला विचार. पण वहीचा खरा उपयोग वेगळा आहे. कोणत्या आळीतून काय निघतं, काय पडून राहतं, ते वर्षभरात तुझं तुलाच कळतं.

सुरुवात करायला माझ्याकडे दोन कूलर आणि एक पायाचं शिलाई मशीन पडून आहे, ते ने. येताना टेम्पोवाल्याशी मे महिन्याचंही आत्ताच बोलून ठेव. लग्नसराईत तो कोणालाच सापडत नाही.