पायाचा हिशेब

कराडजवळ महामार्गावर टेम्पोने माझ्या मोटारसायकलला उडवलं, तेव्हा मी 38 वर्षांचा होतो. उजव्या नडगीत रॉड बसला. मी वायरमन, शिडी चढायची तर पाय धड हवा. डॉक्टरांच्या दाखल्यावर पायाचं 40 टक्के अपंगत्व आलं आणि मी धरून चाललो, भरपाईही 40 टक्क्यांनीच मिळणार.

तिथेच फसलो. दाखल्यातला आकडा पायाचा असतो, कमाईचा नव्हे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की त्या दुखापतीने त्या माणसाची कमावण्याची ताकद किती घटली, ते पाहायचं. ड्रायव्हरचा पाय गेला तर धंदाच गेला. कारकुनाची नोकरी टिकू शकते. कोर्टाने माझ्या कमाईतली घट 20 टक्के धरली.

उत्पन्न मी महिना 25,000 सांगितलं होतं. कागद मात्र एकही नव्हता. 15,000 धरले गेले. पुढचं गणित असं: वर्षाचे 1,80,000; चाळिशीच्या आतला, स्वतःचा धंदा करणारा म्हणून भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवून 2,52,000; 36 ते 40 वयाला गुणक 15; त्याचे 20 टक्के म्हणजे 7,56,000. औषधोपचार, वेदना, बुडालेली मजुरी यांचा हिशेब वेगळा.

त्या वेगळ्या हिशेबात तर मी पुरता उघडा पडलो. मेडिकलच्या बिलांची पिशवी उघडली, तर निम्मी बिलं कोरी! त्या गुळगुळीत कागदावरची शाई उडून गेली होती. मग विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "फिजिओथेरपी तीन महिन्यांत का सोडली?" मी म्हणालो, चालता येत होतं. "शिडी जमत नव्हती, तर बसून पंखे-मिक्सर दुरुस्त का केले नाहीत?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दहा महिन्यांची मजुरी मागितली होती, पाच महिन्यांचीच मिळाली.

अपघात दुसऱ्याच्या चुकीने झाला, तरी नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी जखमीचीही असते. कोर्ट अचाट काही मागत नाही. समजूतदार माणूस करील तेवढंच. म्हणून सांगतो:

उपचार डॉक्टर थांबवतील तेव्हाच थांबवा. परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयात जा, पण केसपेपरात खंड पडू देऊ नका.

जमेल ते हलकं काम शोधा. नाही मिळालं, तरी कुठे विचारलं ते तारखेसह लिहून ठेवा.

बिलांची त्याच आठवड्यात झेरॉक्स काढा. रिक्षाभाडंही वहीत टिपा.

मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून औषधांचा खर्च मागायला कचरू नका. ती रक्कम भरपाईतून वजा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये ठरवलंय.

आणि उशीर नको. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली आहे.

पैसे मिळाले, कर्ज फिटलं. गुडघा मात्र अजून पुरता वाकत नाही. जमिनीलगतचा बोर्ड बसवताना मांडी घालता येत नाही, पाय लांब करून बसावं लागतं. त्यातला टेम्पोवाल्याचा वाटा किती आणि मी सोडलेल्या व्यायामाचा किती, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.