चावणाऱ्या मुलांसाठी सुरक्षित साधन

कृष्णाकाठच्या सातारा व सांगली जिल्ह्यांत उसाचे कांडे चघळणे मुलांच्या अंगवळणी पडलेले आहे. परंतु काही मुले सदऱ्याची कॉलर, पेन्सिलीचे टोक, दप्तराचा पट्टा, प्रसंगी स्वतःचा हातही सतत चावत असतात. घरी व शाळेत ही वाईट खोड समजली जाते आणि मुलाला शिक्षा होते. स्वमग्न व बौद्धिक दिव्यांग मुलांत हे वर्तन अधिक दिसते. इतर मुलांतही ते आढळते. जबड्याच्या स्नायूंवर पडणाऱ्या दाबामुळे अशा काही मुलांना शांत वाटते. शिक्षेने ही गरज भागत नाही.

अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी १९७२ साली संवेदनांच्या एकात्मीकरणावर ग्रंथ लिहिला. त्या विचारसरणीचे उपचारतज्ज्ञ चघळण्याची साधने सुचवितात. या पद्धतीच्या परिणामांविषयीचे पुरावे अद्याप मर्यादित आहेत. म्हणून हे साधन औषध मानू नये. घातक वस्तूऐवजी द्यावयाचा निर्धोक पर्याय एवढेच त्याचे स्थान आहे.

प्रथम तपासणी

माती, खडू किंवा भिंतीचे पोपडे गिळणाऱ्या मुलास लोहाची कमतरता असू शकते. जुन्या रंगातील शिशापासूनही त्याला धोका संभवतो. दातदुखीमुळेही मूल वस्तू चावते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करावयाची असते. शिक्षकांनी व अंगणवाडी सेविकांनी अशा मुलांची नोंद पथकास द्यावी. गळीत हंगामात मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड मजुरांची मुले या तपासणीतून सुटू नयेत, याकडे पंचायत सदस्यांनी लक्ष पुरवावे.

निवड व वापर

साधन अन्नाच्या संपर्कास योग्य अशा सिलिकोनचे, एकसंध व गिळता न येण्याइतके मोठे असावे. खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. खेळणी म्हणून विकल्या जाणाऱ्या साधनावर ते पाहून घ्यावे. प्रत्येक मुलाचे साधन स्वतंत्र ठेवून रोज साबणाने धुवावे. चीर पडताच टाकून द्यावे. लहान मुलाच्या गळ्यात ते दोरीने बांधू नये. अशा माळेचा फास बसून बालमृत्यू घडल्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये जाहीर इशारा दिला होता. उसाचे कांडे हाही पर्याय नव्हे. त्याच्या चिपाडाने घसा अडकण्याची व साखरेने दात किडण्याची भीती असते.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. तज्ज्ञांच्या सल्ल्याने दिव्यांग मुलांसाठी या साधनांचाही त्यात विचार व्हावा. खर्च थोडा आहे. पण त्यामुळे एखाद्या मुलाचा मार चुकेल आणि त्याचे वर्गात बसणे सुकर होईल.