अंगावर गाठी आणि पोटात बाळ: पैसा कुठे लावायचा, कुठे नाही

पाठीवर, ब्लाऊजच्या शिवणीखाली, मटाराएवढी मऊ गाठ. बोटाने दाबली की कातडीखाली काज असल्यासारखी आत जाते, बोट काढलं की वर येते. लग्नाआधीपासूनची, कधी त्रास नाही. दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात ती शिवणीला घासायला लागली, शेजारी दोन नव्या उगवल्या. घरात कुणी उष्णता म्हणतं, कुणी लाग म्हणतं. दोन्ही खरं नाही.

हा न्यूरोफायब्रोमॅटोसिसचा पहिला प्रकार, डॉक्टर ‘एनएफ-१’ म्हणतात. फॉन रेकलिंगहाउझेन या जर्मन डॉक्टरांनी १८८२ मध्ये त्याचं वर्णन केलं. सतराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातला हा दोष साधारण तीन हजारांत एका बाळात असतो. निम्म्या जणांना तो आई-बापाकडून येतो, निम्म्यांत नव्यानेच होतो. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने तो लागत नाही.

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक खूप वाढतं, आणि बहुतेक गाठींच्या पेशींवर ते झेलणारी केंद्रं सापडली आहेत. अमेरिकेतल्या १९९६ च्या एका अभ्यासात १०५ बायकांना विचारलं, तेव्हा सुमारे ६० टक्के जणींनी नव्या गाठी आल्याचं आणि निम्म्याहून थोड्या अधिक जणींनी जुन्या वाढल्याचं सांगितलं. साधारण एक तृतीयांश जणींच्या गाठी बाळंतपणानंतर लहान झाल्या. पुढे एमआरआयने मापं घेऊन केलेल्या एका अभ्यासात मात्र ठळक फरक दिसला नाही. म्हणून वाढ होईलच असं धरून घाबरू नका. झाली तर त्यात तुमची चूक नाही.

आता पैशाचं. पहिला खर्च वाचवा तो निदानाचा. चहाच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग, मोठ्या माणसात प्रत्येक दीड सेंटिमीटरहून मोठा, आणि सोबत अशा दोन गाठी, एवढ्यावर जाणकार डॉक्टर नजरेने निदान करतात. खाजगी प्रयोगशाळेतली जनुक तपासणी दहा-पंधरा हजारांच्या पुढेच जाते, आणि निदान पक्कं असेल तर आईच्या उपचारात तिने फारसं काही बदलत नाही. ती लागते, पोटातल्या बाळाची तपासणी करायची असेल तेव्हा. प्रत्येक बाळाला हा आजार येण्याची शक्यता निम्मी असते. पण आईचा नेमका दोष आधी माहीत असेल तरच बाळाचं पाणी तपासून उत्तर मिळतं, आणि आजार सौम्य निघेल की तीव्र ते त्यातूनही कळत नाही. म्हणून हा विचार दिवस जाण्याआधी करा, घाईत दुप्पट पैसे जातात.

दुसरा खर्च टाळा तो गाठी काढण्याचा. दिसतात म्हणून गरोदरपणात त्या कापून घेऊ नका, बाळंतपणानंतर बघता येतं. एखादी गाठ झपाट्याने वाढली, टणक झाली, रात्री ठणकू लागली, तर मात्र थांबू नका. अशी गाठ क्वचित कर्करोगाची निघते.

पैसा आणि वेळ खरा लावायचा तो रक्तदाबावर. या आजारात गरोदरपणी बीपी वाढण्याचा, बाळ लवकर येण्याचा आणि सीझरचा धोका जास्त असतो. पांढरकवड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात बीपी, लघवी, रक्त या तपासण्यांना पैसे पडत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची खास तपासणी असते, तो दिवस चुकवू नका. बीपीसोबत अचानक डोकेदुखी, दरदरून घाम, धडधड असे झटके येत असतील, तर मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ तर नाही ना, हे बाळंतपणाआधीच बघायला हवं. ती दुर्मिळ असते, पण न कळता भूल दिली तर जिवावर बेतते. त्यासाठी रक्ताची किंवा लघवीची मेटानेफ्रिन तपासणी आहे, खाजगीत काही हजारांची. हे पैसे मात्र वाचवू नका.

भुलीचंही आधीच बोला. कण्याजवळ गाठी असतील तर कमरेत सुई टोचण्याआधी एमआरआय लागू शकतो. गरोदरपणात तो रंगद्रव्याशिवाय करता येतो. कळा सुरू झाल्यावर ही धावपळ होत नाही. म्हणून सातव्या महिन्यापर्यंत यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा नागपूर गाठा.

यवतमाळ पांढरकवड्याहून पासष्ट-सत्तर किलोमीटर. एसटीत बाईला अर्धं तिकीट लागतं, सोबतच्या पुरुषाला पूर्ण. कापूस वेचणीच्या दिवसांत दोन माणसांची मजुरी बुडते, तो खर्चही हिशेबात धरा. तालुक्यातून रेफर केलं तर १०२ नंबरची गाडी मागा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, म्हणजे जेएसएसकेत, सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सीझर, औषधं, रक्त आणि ने-आण सगळं फुकट आहे. कुणी पावती फाडायला लागलं तर ही योजना नावाने सांगा. मोठं ऑपरेशन निघालं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. भरती होण्याआधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. पहिल्या बाळाचे मातृवंदना योजनेचे पाच हजार आशाताईंकडून वेळेत नोंदवून घ्या, प्रवासाला कामी येतील.

एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. बाळंतपणानंतर पाळणा लांबवायला ‘अंतरा’चं इंजेक्शन फुकट मिळतं. त्यात प्रोजेस्टेरॉनसारखंच औषध असतं, आणि एकदा टोचलं की तीन महिने अंगात राहतं. एनएफ-१ असलेल्या ५९ बायकांच्या एका पाहणीत गोळ्या घेणाऱ्या बहुतेकींना काही फरक पडला नाही, पण असं इंजेक्शन घेतलेल्या दोघींच्या गाठी चांगल्याच वाढल्या. दोघींवरून नियम होत नाही. तरी इंजेक्शन टोचून घेण्याआधी ब्लाऊजची बाही वर करून सिस्टरला गाठी दाखवा आणि तांबीचं विचारा. तांबीत संप्रेरक नसतं, आणि सरकारी दवाखान्यात तीही फुकट बसवतात.