टेकडीचे आरक्षण उठू शकते का?

प्रश्न : पुण्यात सोसायटीमागची टेकडी ‘जैवविविधता उद्यान’ म्हणून आरक्षित आहे. तिथे गृहप्रकल्प येणार अशी चर्चा आहे. रहिवाशांनी काय करावे?

उत्तर : चर्चेआधी कागद! सातबारा, जुने फेरफार आणि महापालिकेचा झोन दाखला काढला की जमिनीची कुंडली कळते.

विकास आराखड्यातले आरक्षण बिल्डरच्या नुसत्या अर्जाने उठत नाही. नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करायचा, तर जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. मुदत जेमतेम महिन्याची, म्हणून वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवर नजर हवी. शंभर जणांच्या एकाच छापील पत्रापेक्षा सर्व्हे नंबर, उतार, ओढे आणि झाडे यांचा फोटोंसह तपशील देणारी हरकत वजनदार ठरते. तिची पोच जपून ठेवावी.

जमीन वन असेल, तर १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार केंद्राची पूर्वमंजुरी लागते. नोंदी मात्र दोन्ही बाजूंनी तपासाव्यात. फरिदाबादच्या कांत एन्क्लेव्हची जमीन १९९२ च्या अधिसूचनेमुळे वन ठरली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथली बांधकामे पाडायला लावली. उलट, मुंबईच्या उपनगरांत खासगी वनांच्या जुन्या, अर्धवट सोडलेल्या नोटिशींवर उभा राहिलेला सरकारी दावा त्याच न्यायालयाने २०१४ मध्ये फेटाळला. हजारो फ्लॅटधारक सुटले.

प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळालीच, तर राष्ट्रीय हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील करता येते.