आधी उठून बसायचे

मुलांनो, मानेच्या मागे हात लावा आणि बोट हळूहळू पाठीवरून खाली आणा. बोटाला टणक मणके लागतात ना? हा तुमचा पाठीचा कणा. या मणक्यांच्या आतून एक मऊ दोरी खाली जाते. तिला मज्जारज्जू म्हणतात. मेंदूचा हुकूम याच वाटेने पायांकडे जातो आणि पायात काटा मोडल्याची खबर याच वाटेने मेंदूकडे येते.

झाडावरून पडून, वाहनाच्या अपघातात किंवा गोळी लागून ही दोरी चिरडली, तर वाट बंद होते. पाय असतात, पण हलत नाहीत. चटका बसला तरी कळत नाही. लघवीवरचा ताबाही जातो. मोडलेले हाड जुळते, मज्जारज्जू मात्र तसा जुळत नाही.

पूर्वी अशा रुग्णापुढे डॉक्टरही हात टेकत. एकाच कुशीवर पडून राहिल्याने रुग्णाच्या अंगाला जखमा होत व त्या चिघळत. मूत्राशयात जंतू वाढत. माणूस मरे तो यामुळे, पाय गेल्यामुळे नव्हे! डॉक्टर लुडविग गुटमन यांनी हे ओळखले. ते ज्यू होते. नाझींच्या छळामुळे १९३९ साली ते जर्मनी सोडून इंग्लंडला आले. १९४४ साली स्टोक मँडेविल येथील रुग्णालयात त्यांनी अशा रुग्णांसाठी विभाग सुरू केला. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायची, असा त्यांचा नियम होता. रुग्ण जगू लागले.

पण नुसते जगून काय करायचे? गुटमन यांनी त्यांना कामाला लावले. कोणी सुतारकाम शिकला, कोणी घड्याळे दुरुस्त करू लागला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, रुग्णालयात चाकांच्या खुर्चीत बसून १६ जणांनी तिरंदाजीची स्पर्धा केली. धनुष्य ओढायला दंड आणि खांदे बळकट लागतात. खुर्ची चालवायलाही तेच लागतात. पुढे यातूनच पॅरालिंपिक स्पर्धा उभ्या राहिल्या.

आता सांगा, अशा माणसाने पहिले ध्येय कोणते ठरवावे? "मला चालायचे आहे," असे तुम्ही म्हणाल. तसे वाटणे साहजिक आहे. पण ते आज जमले नाही, उद्याही जमले नाही, की मन खचते. म्हणून आधी उठून बसायचे. खूप दिवस आडवे राहिल्यावर बसताना चक्कर येते. आज दोन मिनिटे बसलो, तर शुक्रवारपर्यंत पाच मिनिटे. मग हातांवर जोर देऊन अंग उचलायचे. मग पलंगावरून खुर्चीत सरकायचे. मग आपला सदरा आपण घालायचा. मानेला इजा झाली असेल, तर हातात चमचा धरणे हेच मोठे ध्येय ठरते. ते ज्याचे त्यानेच ठरवावे. आई मायेने भरवायला येते, भाऊ न विचारता खुर्ची ढकलतो. त्यांचा हेतू चांगला असतो. पण सदरा घालायला वीस मिनिटे लागत असतील, तर लागू द्यावीत. "मदत करू का?" असे आधी विचारावे.

आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर सैन्यात होते. ते मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. मुष्टियुद्ध संपले. उपचार म्हणून ते पोहू लागले. पाय साथ देत नव्हते. पाणी कापायचे ते हातांनीच. १९७२ साली जर्मनीतील हायडलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पार केले. भारताचे पॅरालिंपिकमधील ते पहिले सुवर्णपदक. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडले.