रुग्णाचे बंधन आणि डॉक्टरांची नोंद

चंदन नदीच्या काठी वसलेले रामपायली हे बालाघाट जिल्ह्यातील गाव श्रीराममंदिरासाठी प्रसिद्ध आहे. येथून महाराष्ट्राची सीमा फार दूर नाही. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांशी या परिसराचे सोयरसंबंध पूर्वापार आहेत. अशा कोणत्याही गावात घरातील माणसाचे मानसिक संतुलन एकाएकी ढळले की पहिला विचार येतो तो दाव्याचा. रुग्ण विहिरीकडे धावेल, कोणावर हात उगारील, या भीतीने माणसे त्याला खुंट्याशी बांधतात. त्यांच्या मनात क्रौर्य नसते. भय असते आणि अज्ञान असते. परंतु घरच्या दाव्याचा हिशेब कोणीच ठेवत नाही. ते कधी बांधले आणि कधी सोडावयाचे, हे विचारणारा कोणी नसतो.

याचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो हे ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दिसून आले. तेथील एका आश्रयस्थानाला पहाटे आग लागली. साखळदंडांनी जखडलेल्या रुग्णांना पळता आले नाही आणि २८ जीव गेले.

कायदा काय सांगतो ?

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. हा केंद्रीय कायदा असल्याने बालाघाट असो की गोंदिया, नियम एकच आहे. कलम ९५ अन्वये मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास मनाई आहे. कलम ९७ अन्वये त्याला एकांतकोठडीत ठेवता येत नाही. शारीरिक निर्बंध घालण्यास मात्र दोन अटींवर मुभा आहे. रुग्णास किंवा इतरांस तात्काळ इजा होण्याचा धोका टाळण्याचा दुसरा कोणताही उपाय उरलेला नसावा, ही पहिली अट. उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाने त्यास अनुमती दिलेली असावी, ही दुसरी. शिक्षा म्हणून, धाक म्हणून किंवा केवळ कर्मचारी अपुरे आहेत म्हणून रुग्णास बांधता येत नाही.

नोंदीत काय असावे ?

निर्बंधाची पद्धत, त्याचे स्वरूप, त्यामागील कारण आणि कालावधी या गोष्टींची नोंद रुग्णाच्या केसपेपरवर तात्काळ झाली पाहिजे, अशी कायद्याची आज्ञा आहे. ती पाळली जाते की नाही हे पाहण्याची जबाबदारी प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यावर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिकावर आहे. "गरज पडल्यास बांधावे" असा मोघम आदेश येथे पुरेसा ठरत नाही. प्रत्येक प्रसंगाचे कारण स्वतंत्रपणे लिहावे लागते. "रुग्ण त्रास देतो" हे कारण नव्हे. त्याने काय केले, समजावून पाहिले काय, औषध दिले काय, हे लिहिले तरच नोंदीला अर्थ येतो. निर्बंध असेपर्यंत वैद्यकीय कर्मचाऱ्यांची सतत देखरेख हवी. श्वास, नाडी, हातापायांतील रक्ताभिसरण, पाणी, अन्न व शौच यांकडे लक्ष दिले नाही तर बांधलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. धोका टळताच बंधन सुटले पाहिजे.

प्रत्येक घटनेची माहिती २४ तासांच्या आत रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीस, म्हणजे रुग्णाने निवडलेल्या किंवा कायद्याने त्याच्या वतीने ठरविलेल्या व्यक्तीस, द्यावी लागते. अशा सर्व घटना दरमहा मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळास कळवाव्या लागतात. अधिनियमाचा भंग पहिल्यांदा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

गावाचे कर्तव्य

रुग्ण बेभान झाल्यास त्याला बांधून न ठेवता जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. कलम ९४ अन्वये कोणताही नोंदणीकृत डॉक्टर प्रतिनिधीच्या संमतीने ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी ही माहिती घरोघरी पोचवावी.

रुग्णालयात नातेवाइकांनी संकोच न करता विचारावे : बंधन कोणाच्या आदेशाने घातले, केव्हा घातले, केव्हा सोडले ? ज्याला स्वतः बोलता येत नाही, त्याच्या वतीने तो कागद बोलतो. दाव्याला जाब विचारता येत नाही. लिहिलेल्या आदेशाला विचारता येतो.