विजेचा ब्रश की साधा?

विद्यार्थ्यांनो, गेल्या वर्षी बीडच्या आमच्या शाळेतील नववीच्या एका मुलीला तिच्या मामूंनी दुबईहून भेट पाठवली. ती भेट म्हणजे विजेवर चालणारा दातांचा ब्रश! दुसऱ्याच दिवशी तिने वर्गात विचारले, "सर, हा चांगला की आपला साधा?" सारा वर्ग हसला. मीही हसलो, पण उत्तर मात्र लगेच देता आले नाही.

विजेचा ब्रश तसा जुना आहे. १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये तो तयार झाला. ज्यांचे हात नीट चालत नाहीत, अशा लोकांची त्यामुळे मोठी सोय झाली. त्याचे लहानसे डोके आपोआप हलते. आपण ते एकेका दातावर धरायचे, एवढेच. २०१४ साली कॉक्रेन या संस्थेने पुष्कळ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. तीन महिन्यांहून अधिक वापरानंतर दातांवरचा चिकट थर साध्या ब्रशपेक्षा २१ टक्के कमी आढळला. यंत्र सरस आहे, हे मान्य करायला हवे.

मग तो प्रत्येकाने घ्यावा का? वीज गेली म्हणून अडत नाही, कारण एकदा भारलेली बॅटरी काही दिवस पुरते. अडते ते पुढे. सुमारे तीन महिन्यांनी त्याचे डोके बदलावे लागते. ते महाग असते आणि खेड्यातल्या दुकानात कुठे मिळणार?

साधा ब्रशही दात स्वच्छ करतो. तो मऊ असावा, हिरडीच्या कडेला तिरका धरावा आणि हळूहळू गोल फिरवावा. दोन मिनिटे, दिवसातून दोनदा. मी वर्गात घड्याळ लावून सर्वांना हवेत ब्रश फिरवायला सांगितले. दोन मिनिटे किती लांब असतात, ते तेव्हा मुलांना कळले!

पूर्वी ब्रशला डुकराचे राठ केस लावत. नायलॉनचे ब्रश १९३८ साली आले. आमच्या घरातील जुनी माणसे ब्रशला हातच लावत नसत. हजहून आलेले मिसवाक नाहीतर बांधावरची बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी, हाच त्यांचा ब्रश. नीट वापरली तर काडीही चांगले काम करते.

मिश्रीचे मात्र तसे नाही. मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू. ती दात घासण्यासाठी म्हणून लावतात आणि तिचेच व्यसन लागते. तिच्यामुळे तोंडाचा कर्करोगही होऊ शकतो.

हे ऐकून ती मुलगी गप्प झाली. तिची दादी रोज मिश्री लावत असे. दादीचे हात थरथरत, त्यामुळे साधा ब्रश तिला जमत नव्हता.

महिन्याभराने मी तिला ब्रशविषयी विचारले. "तो दादीला दिला, सर."

"आणि मिश्री?"

"सकाळची सुटली. दुपारची डबी अजून उशाखाली असते."